आग्नेसचं हॉथॉर्न

कॅनडातल्या रेजिनात डॉमनिक तुस्कानोला तीस वर्षं झाली, पण थंडीशी त्याचं भांडण वसईहून येऊन विमानातून उतरला त्या दिवसापासूनचं. शाळेतला बॉयलर सांभाळून घरी यायचा आणि आधी हीटर चढवायचा. बायको, आग्नेस, त्याची हुबेहूब नक्कल करायची, "मेलो गं आग्नेस, मेलो! मोजे आण, दोन-दोन आण!"

२०१६च्या सप्टेंबरात डॉक्टरांनी केमो थांबवली. त्याच आठवड्यात तिने अंगणात हॉथॉर्नचं रोप लावलं. कमरेएवढं, काटेरी. नर्सरीवाला म्हणाला होता, "टफ लिटल ट्री, मॅडम. जूनमध्ये पांढरंशुभ्र फुलेल." जून आपल्या वाट्याला नाही, हे तिला कळून चुकलं होतं. हॉस्पिटलात ती एवढंच म्हणाली, "माझं झाड जगव हां, डॉमनिक. थंडी लागू देऊ नको त्याला."

नोव्हेंबरात ती गेली.

बर्फ पडला की डॉमनिक फावडं घेऊन धावायचा. ड्राइव्हवे नंतर, झाड आधी. बुंध्याभोवतीचा बर्फ काळी माती दिसेपर्यंत हातांनी ओरबाडायचा. "हां, पोरी, आता घे मोकळा श्वास."

लेक डिम्पल दारातून ओरडायची, "डॅडी, इट्स अ ट्री, नॉट अ बेबी! मायनस थर्टी-फाइव्ह आहे!"

"म्हणूनच तर!"

अख्ख्या हिवाळ्यात एक दिवस चुकला नाही.

जूनमध्ये सगळी गल्ली हिरवी झाली. हॉथॉर्न मात्र काडीसारखं उभं. शेजारच्या मिसेस कोवाल्चुक आल्या, त्यांनी नखाने फांदीची साल खरवडली. आत जिवंत हिरवं नाही, तपकिरी, कोरडं.

"ओह, हनी. हिवाळ्यात इथली माती उघडी दिसायची. स्नो कुणी काढला?"

"मी! रोज!" डॉमनिकची छाती फुगली.

म्हातारीने फांदी सोडली. "स्नो तर त्याचं ब्लँकेट असतं, डॉमनिक. नवीन झाड... माती उघडी पडली की मुळं गोठतात."

हवा गेल्यासारखी ती छाती खाली बसली.

"रॅबिट्सनी कुरतडलं असेल, डॅडी," डिम्पल घाईघाईने म्हणाली. "यू नो, ससे."

"हो. ससेच असतील."

मिसेस कोवाल्चुक गेल्या. डिम्पल त्याचा कोपर धरून उभी राहिली. डॉमनिकने खालची एक फांदी नखाने खरवडली. तपकिरी. मग तिच्याखालची. मग गुडघ्यांवर बसून अगदी मातीजवळची.