रेस सोडली की दिवा जातो

त्या वर्षी माझी पोस्टिंग दिल्ली कॅन्टला होती. सिग्नलच्या युनिटमध्ये मी लान्सनायक, ट्रेड डीआर. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर. वायरलेसवर जे बोलायचं नसतं ते पाकिटात घालून मोटारसायकलवरून पोचवणारा माणूस. सिव्हिलियन लोक विचारतात, "म्हणजे पोस्टमन?" मी "हो" म्हणतो. आता या वयात कोण वाद घालत बसणार!

डॅनियल गायकवाड माझ्याच ट्रेडचा, माझ्याच रँकचा. गाव नगर. युनिटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायचं असलं की एकमेकांशीच भांडायचो. मी तेव्हा बिनलग्नाचा. त्याला फॅमिली क्वार्टर मिळालं आणि रूथ वहिनी दिल्लीत आल्या. आल्या आल्या त्यांनी पहाडगंजच्या बाजूला एका मराठी शाळेत नोकरी मिळवली. कॅन्टपासून दोन बस बदलायच्या, त्यात दिल्लीचा जानेवारी. पहिल्याच आठवड्यात वहिनी तापाने पडल्या आणि डॅनीने जाहीर केलं, "मोटारसायकल घ्यायची."

नव्या गाडीला तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. म्हणून जुनी. आणि डीआरने जुनी गाडी घ्यायची म्हणजे मुलगी बघण्यापेक्षा वाईट. आठवडाभर सरकारी मोटारसायकल हाणायची आणि रविवारी दुसऱ्याच्या मोटारसायकलीला कान लावून बसायचं. याचा टॅपेट वाजतो. त्याची चेसिस वाकलीय. त्या तिसऱ्याने मीटर मागे फिरवलाय. मी म्हटलं, "डॅन्या, वहिनी निवृत्त होतील रे तोवर."

अखेर पानिपतला एक बुलेट आहे असं कळलं. मालक ब्लँकेटचा व्यापारी, सगळे त्याला लालाजी म्हणायचे. सोमवारी सकाळच्या हजेरीपर्यंत सुट्टीचा आउटपास काढून आम्ही रविवारी निघालो. लालाजी कुठल्याशा लग्नाला गेले होते, ते उगवले दिवेलागणीला. डॅनीने गाडी उघडूनच बघितली म्हणा ना. इंजिन ठणठणीत, चेन नवी, ऑइल स्वच्छ. दोष एकच. बॅटरी मेलेली होती. गाडी किकवर चालू व्हायची, पण दिवा इंजिनाच्या जोरावर. रेस दिली की लख्ख उजेड. रेस सोडली की दिवा गेला.

लालाजी म्हणाले, "फौजी भाई, बैटरी का क्या है, दिल्ली में डलवा लेना."

आम्ही हसलो. दुसऱ्या कुणी विचार केला असता, पण आम्ही डीआर. एक्सरसाइजमध्ये, म्हणजे लष्करी सरावात, ब्लॅकआउट ड्रायव्हिंग करायची आम्हाला सवय. दिवे बंद ठेवून अंधारात रानातून गाडी काढायची, आणि तेही पुढच्याला आवाज न जाऊ देता. आम्हाला दिव्याचं काय कौतुक! रविवारी बॅटरीचं दुकान बंद होतं, सोमवारी ते उघडायची वाट बघितली असती तर हजेरी चुकली असती. आमच्या दोघांच्याही डोक्यात एकच विचार, दिवा नसला तरी चालेल. असली चूक डीआरच करू शकतो.

रात्री लालाजींच्या गोडाउनमध्ये ब्लँकेटच्या गठ्ठ्यांवर झोपलो. डॅनीला झोप कुठली. तो उठून उठून गाडी बघत होता. "उद्या रूथला मागे बसवून शाळेत सोडणार," म्हणाला. "हजेरी झाली की सुभेदारसाहेबांकडून तासभर सुट्टी मागतो. तू माझी शिफारस कर."

"तुझ्या बायकोला शाळेत सोडायला मी शिफारस करू?"

"मग कोण करणार, लालाजी?"

पहाटे पाचला निघालो आणि शहराबाहेर पडताच धुक्यात शिरलो. ते धुकं दिल्लीत राहणाऱ्यालाच कळेल. पुढचं चाक दिसेना. जोरात जावं तर समोरचं दिसत नाही, हळू जावं तर रेस कमी होते आणि दिवा मालवतो. मग डॅनीने खालच्या गिअरमध्ये रेस चढवून धरली, क्लच अर्धा दाबला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालवली. मी मागे बसून रस्त्याची कड बघत होतो. थांबणं शक्य नव्हतं, कारण थांबलो की मागून येणाऱ्या ट्रकला दिसणार नाही. परतायचीही सोय नव्हती. मला घाम फुटला होता आणि हात थंडीने बधिर झाले होते. मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो.

मग पुढे दणका ऐकू आला. फार जोराचा नाही, पत्र्याचं पिंप पडावं तसा. डॅनीने ब्रेक मारला. समोर एक प्रवासी बस होती. उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती, तिच्यात बसचं तोंड घुसलं होतं. दार उसात दाबलं गेलं होतं आणि आतून माणसं ओरडत होती.

डॅनीने मागे वळून धुक्याकडे बघितलं. मग म्हणाला, "कदम, मागून आणखी गाड्या येणार. तू माणसं काढ. मी दिवा धरतो."

"गाडी उभी करून ठेव ना. दोघं काढू."

"उभी केली तर दिवा जाईल. हात पाहिजे रेसवर."

त्याचं बरोबर होतं. त्याने गाडी उलटी वळवली, तोंड पानिपतकडे केलं आणि बसच्या मागे ढकलत नेली. न्यूट्रलमध्ये रेस चढवली. धुक्यात पिवळा गोळा पेटला. "सगळी बाहेर आली की आवाज दे," तो ओरडला, "मग सोडतो!"

मी मागची काच दगडाने फोडली, कोट चौकटीवर टाकला आणि माणसं खेचायला लागलो. एक बाई पोटाशी पोर धरून उतरायला तयारच होईना. मी म्हटलं, "माताजी, फौजी हूँ, कूदो." तिने उडी मारली. बाहेर आलेल्यांना मी खाली शेतात पाठवत होतो. मागे ब्रेक किंचाळले, एक ट्रक डॅनीच्या दिव्यासमोर थांबला. मला बरं वाटलं. पण आता तो ट्रकच रस्त्यात उभा होता. त्याला मागून कोण वाचवणार? डॅनीने गाडी ढकलत त्या ट्रकच्याही मागे नेली. मग एक टेम्पो थांबला, डॅनी त्याच्या मागे गेला. मग आणखी एक. दर वेळी तो माझ्यापासून लांब जात होता. थोड्या वेळाने दिवा दिसेनासा झाला, फक्त इंजिनाचा चढा आवाज येत राहिला. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेवटी बसमध्ये एकटा ड्रायव्हर उरला. स्टिअरिंगचा दांडा त्याच्या मांड्यांवर बसला होता. "पैर फँस गया, फौजी," तो म्हणाला. मी आत शिरलो, बसमधलीच एक सळई दांड्याखाली घातली, खांदा लावला, दांडा चार बोटं वर आला. खाली दोन प्रवासी त्याला हळूहळू ओढत होते. मी सळई सोडली असती तर दांडा परत त्याच्या पायांवर बसला असता.

तेव्हा लांब पुन्हा ब्रेक वाजले. या वेळी ते वाजतच राहिले. मग धडक. आणि इंजिनाचा चढा आवाज खाली आला.

इंजिन बंद पडलं नव्हतं. नुसतं डुग डुग डुग चालू होतं. रेस नव्हती.

मी सगळं समजलो. आणि मला सळई सोडता येत नव्हती. माझ्या सबंध नोकरीत मी असा अडकलो नाही. "खींचो!" मी त्या दोघांवर ओरडलो. "अरे खींचो ना यार!" तोंडातून शिव्या येत होत्या आणि डोळ्यांतून पाणी. ड्रायव्हर सुटला तेव्हा मी धावलो.

ट्रकने शेवटच्या क्षणी दिवा पाहून वळण घेतलं होतं, म्हणून पुढच्या गाड्या वाचल्या. पण त्याच्या मागच्या भागाचा फटका डॅनीला बसला होता. तो रस्त्याच्या कडेला पडला होता. गाडी खड्ड्यात आडवी, हँडल वाकलेलं, आणि तरी इंजिन चालूच. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "सगळी आली रे बाहेर," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. तो आधीच गेला होता.

पोलीस चौकीवरून युनिटला फोन लावला. सुभेदारसाहेब फोनवर आले.

"साहेब, लान्सनायक कदम. पानिपत रोडवरून."

"हजेरीला का नाही? गायकवाड कुठे आहे?"

"गायकवाड नाही, साहेब."

"नाही म्हणजे?"

मी पुन्हा तेच सांगितलं. मग साहेब म्हणाले, "तू तिथंच थांब. हलू नकोस. मी येतो."

रूथ वहिनी त्या सकाळी शाळेला जायची साडी नेसून क्वार्टरच्या दारात उभ्या होत्या. मोटारसायकलचा आवाज येईल म्हणून. आम्ही जीपने गेलो. जीप बघताच त्या आत वळल्या आणि खुर्चीवर बसल्या. मला काही सांगावं लागलं नाही.

नगरला परत जाताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाडी तुम्ही ठेवा. विकू नका." मी ती दुरुस्त केली, बॅटरी बसवली, नावावर करून घेतली. पुढे प्रत्येक पोस्टिंगला टाकी रिकामी करून, गोणपाटात शिवून, रेल्वेच्या पार्सल डब्यातून ती माझ्याबरोबर फिरली. माझं लग्न झालं तेव्हा सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "सवत आधीच घरात आहे म्हणायची." सुभेदार होऊन रिटायर झालो, दिल्लीतच द्वारकेत फ्लॅट घेतला, गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये लावली.

मग जुन्या गाड्यांचा नियम आला. दिल्लीत पंधरा वर्षांवरची पेट्रोलची गाडी रस्त्यावर आणली की उचलून भंगारात. माझ्या गाडीचं वय त्याच्या कितीतरी पुढे. रस्त्यावर काढावी तर जप्ती, आणि ठेवावी तर सोसायटीचे सेक्रेटरी रोज लिफ्टमध्ये गाठायचे. "अंकल, बेसमेंट में कबाड़ नहीं रख सकते. कुछ तो करो." वर्षानुवर्षं ती खांबाआड धूळ खात राहिली आणि मी रोज खाली जाऊन फडक्याने पुसून वर यायचो. एखादा जनावराला दावणीला बांधून ठेवतो ना, तशी. बॅटरी पुन्हा मेली. नवी बसवून करायचं काय? सुनंदा एकदा रागावून म्हणाली, "अहो, ती अडकलीय की तुम्ही?" मी फडकं घेऊन खाली गेलो. उत्तर तिलाही माहीत होतं.

शेवटी सेक्रेटरींनी तारीख दिली, त्यानंतर भंगारवाला बोलावणार म्हणून. मी भडकलो, तळघरात त्यांच्यावर आवाज चढवला, चार लोक जमले. संध्याकाळी सुनंदाने मला न विचारता नगरला फोन लावला. वहिनी फोनवर म्हणाल्या, "इकडे घेऊन या. माझ्या अंगणात कोण उचलतंय बघते."

दिल्लीबाहेर नेण्याची परवानगी काढली, सवयीप्रमाणे टाकी रिकामी केली, गोणपाट शिवलं. हात अजून विसरले नव्हते.

रूथ वहिनी शिक्षिका म्हणूनच निवृत्त झाल्या. केस पांढरे झालेत, आवाज अजून वर्गात बोलावं तसा. अंगणाला लागून पत्र्याची शेड आहे, गाडी तिथे लावली. मी पेट्रोल घातलं. पाचव्या किकला इंजिन बोललं. वहिनी लांब उभ्या होत्या. त्या या गाडीवर एकदाही बसल्या नव्हत्या. ज्या दिवशी बसणार होत्या तो दिवस आलाच नाही.

"दिवा लागतो का अजून?" त्यांनी विचारलं.

"लागतो. पण बॅटरी नाही. रेस धरून ठेवावी लागते."

"त्या दिवशीसारखी."

"हो."

त्यांनी पदर खोचला, फूटरेस्टवर पाय ठेवला आणि सीटवर बसल्या. मी गाडी धरली. त्यांचा हात मुठीवर ठेवून मी दाखवलं, अशी फिरवायची. त्यांनी फिरवली. इंजिन चढलं आणि समोरच्या भिंतीवर पिवळा गोळा उमटला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मूठ सैल केली नाही. मी म्हटलं, "वहिनी, सोडा आता, हात दुखेल." त्यांनी ऐकलं नाही.

युनिटच्या स्मारकावर डॅनीचं नाव नाही. ते स्मारक लढाईत पडलेल्यांचं आहे, आणि डॅनी आउटपासवर होता, अंगात स्वेटर, हातात जुनी मोटारसायकल. नियम मला कळतो. म्हणून इथे लिहितो. लान्सनायक डॅनियल गायकवाड, डिस्पॅच रायडर, नगर. दिवा धरून उभा होता.

शेडमध्ये इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून वहिनींनी विचारलं, "त्या बसमधली सगळी माणसं बाहेर आली होती ना, भाऊजी?"

"सगळी, वहिनी. ड्रायव्हरसुद्धा."

"मग सोडते," त्या म्हणाल्या, आणि मूठ सोडली.