एक हजार नऊ फरश्या

जमनाबाई कोणाच्या बापाला भ्यायची नाही, हे मुकुटबनजवळच्या तांड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण आजे-पणजे बैलांवर गोण्या लादून मुलूखभर हिंडलेले. दोन्ही अंगांना ओझं सारखं नसलं तर बैल बसतो, एवढं गणित तिच्या रक्तातच होतं. म्हणून तर फरशी बसवणाऱ्या बायकांची ती मुकादम.

एकसष्ट साली नव्या शाळेपुढं ओटा करायचा ठरला. फरश्या आल्या एक हजार नऊ. ओव्हरसियर सदाशिवराव म्हणाले, "चौकोनी ओटा, ओळी सगळ्या सारख्या. एक फरशी तोडायची नाही, एक उरवायची नाही."

जमनाबाईनं तुरीचे तेवढेच दाणे मोजून घेतले अन् अंगणात मांडायला बसली. ओळीत दोन-दोन लावले, एक उरला. तीन-तीन, एक उरला. सात-सात, पुन्हा एक! चार-सहा मांडलेच नाहीत. दोनानं जे भागलं नाही ते चारानं काय भागणार, कपाळ? दोन दिवसांत ती एकतिसापर्यंत गेली. दाणे उरायचे ते उरलेच.

"साहेब, हा आकडा भागत नाही."

"एवढा मोठा आकडा आणि भागत नाही? तूच चुकलीस. संध्याकाळपर्यंत ओळी जमल्या नाहीत तर उद्यापासून मुकादम देवसिंग."

देवसिंग तिचा दीर. नवरा गेल्यावर याचीच बायको होऊन घरात बस म्हणून सारा तांडा मागं लागला होता, तेव्हाही ती बसली नव्हती. तो मिशीत हसला अन् जमनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी चुकली असन तर तुमी मांडून पाहा!"

सदाशिवरावांनी कोट काढला, पेन्सिल घेतली अन् एकतिसाच्या पुढचे आकडे धरून ते भागत सुटले. सदतीस, एकेचाळीस, त्रेचाळीस... दुपार टळली, साहेब घामाघूम. बायका तोंडाला ओढणी लावून खिदळत होत्या.

"कायले जीव काढून राह्यले, साहेब? लांबी एकतिसाच्या वर घेसान, तर रुंदी एकतिसाच्या वर जाऊच शकत नाही. अन् तिथवरच्या सगळ्या म्या पायल्या. तिथं नाही, तर कुठंच नाही. नाहीतर एकच ओळ करा, वणीच्या रस्त्याले लागते!"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग आता?"

"एक काढा. छत्तीस ओळी, ओळीत अठ्ठावीस. बरोब्बर."

"आणि ती एक? उरवायची नाही म्हटलं होतं मी!"

जमनाबाईनं एक फरशी उचलली, निंबाखाली नेऊन आपटली अन् तिच्यावर ऐसपैस बसली.

"उरली कुठं? हे मुकादमाची बसाची जागा. आता सांगा, मुकादम कोन?"

सदाशिवरावांनी कोट पुन्हा चढवला. देवसिंगनंच खाली मान घालून घमेलं उचललं.

"भोजाई," तो वहिनीला म्हणाला, "पहिली ओळ कुठून धरू?"