दगडी कोर्टहाऊस आणि बाबांचा पुकारा

गेल्या शनिवारी बाबांना घेऊन फ्रिस्कोहून अडीच तासांवरच्या एका छोट्या गावात गेले होते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत, मॉल बघून कंटाळले होते. "जुनं काहीतरी दाखव," म्हणाले. टेक्सासमध्ये जुनं काय दाखवणार... शोधता शोधता एक दगडी कोर्टहाऊस सापडलं.

गाव वसलं तेव्हाची ही पहिली पक्की इमारत. पुढे रेल्वे दुसऱ्याच गावावरून गेली आणि कोर्टही तिकडे हललं. मग इथे कापसाच्या गाठी ठेवल्या, नंतर शाळा भरली, काही वर्षं शनिवारचा डान्ससुद्धा चालायचा म्हणे. आता खाली जुन्या वस्तूंचं दुकान आणि वर म्युझियम आहे.

हे सगळं डोरथी नावाच्या व्हॉलंटियर आजी सांगत होत्या. त्या स्वतः इथेच पहिलीला होत्या. मी भाषांतर करत होते, पण बाबांचं लक्षच नव्हतं... ते साक्षीदाराच्या लाकडी कठड्यावरून हात फिरवत होते.

मलाही आमच्या तालुक्याचं कोर्ट आठवलं. दोऱ्यांनी बांधलेल्या फायली, झाडाखालचे टायपिस्ट, आणि पांढऱ्या कपड्यांवर पितळी बिल्ला लावून दारात उभे असलेले बाबा. ते कोर्टात पट्टेवाले होते.

पक्षकारांची नावं ते अशी पुकारायचे की रस्त्यापलीकडच्या आमच्या वर्गात ऐकू यायची. मधल्या सुट्टीत पोरं माझ्या नावापुढे 'हाजिर हो' लावून ओरडायची. तेव्हा रडू यायचं... आता तो आवाज आठवला की फार बरं वाटतं.

आणि तरीही, इथे आल्यापासून मी सगळ्यांना "बाबा कोर्टात होते" एवढंच सांगत आले. कोणी वकील समजलं, कोणी जज. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

डोरथी आजी खिडकीपाशी गेल्या. पूर्वी इथूनच खालच्या चौकात साक्षीदारांची नावं पुकारायचे, असं म्हणाल्या. मी ते मराठीत सांगितलं आणि बाबा एकदम खुलले. "सेम सेम. आय वर्क कोर्ट."

"ओह, जज?" आजींनी कौतुकाने विचारलं. मी घाईघाईने पुढच्या खोलीकडे निघाले...

"नो मॅडम. पट्टेवाला. आय कॉल नेम."

आजींना ते ऐकायचंच होतं. बाबा खिडकीत ताठ उभे राहिले आणि तीनदा पुकारा केला. "डोरथीऽऽ हाजिर होऽऽ..." सत्तरी उलटली, पण आवाज तस्साच. खालच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन वर बघायला लागली.

आजींनी शाळेतल्यासारखा हात वर करून "प्रेझेंट" म्हटलं. मी भिंतीवरचे फोटो बघायचं नाटक करत डोळे पुसले.

परत येताना गाडीत बाबाच म्हणाले, "रागावलीस का? तू लोकांना काय सांगतेस ते मला माहितीये गं. तुझी अडचण नको म्हणून मीही तेवढंच सांगतो. पण कोर्टात उभं राहून खोटं कसं बोलायचं?"



म्हणून ही पोस्ट फक्त फ्रेंड्सना नाही, पब्लिक ठेवली आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या काका-काकूंनी आवर्जून वाचा... माझे बाबा कोर्टात पट्टेवाले होते.