कबरींवर बसलेले सोल्जर

स्क्रीनवरच्या फोटोत गोरे सोल्जर दगडांवर बसून चहा पीत होते. बॉस म्हणाला, “नॅचरल सीटिंग!” सगळी मीटिंग रूम हसली.

ते दगड म्हणजे कबरी होत्या. जांभ्याच्या. मागे कौलारू मशीद, तिच्या पायऱ्या, वर डोंगर. दर सुट्टीत कुंपणाबाहेरून पाहिलेली मशीद. रायगडातल्या आमच्या गावची.

मी इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत इंटीरियर डिझायनर. काम होतं रेस्टॉरंटचं, थीम इंग्रजांच्या छावणीची. बॉस इंग्रज; त्याचा आजोबा दुसऱ्या महायुद्धात कोकणात ऑफिसर होता. त्याच्या अल्बममधला हा फोटो भिंतभर लावायचा होता.

मी म्हटलं, “सर, हे कब्रस्तान आहे. माझ्या गावचं.”

“रिअली? म्हणजे तुझ्या लोकांनी आमच्या पोरांचे शर्ट धुतले असणार!” पुन्हा हशा. मग म्हणाला, “रिलॅक्स. रिकामी जमीन होती ती. वेटर्सचे पगडी-पट्टे तूच डिझाइन कर. तुला ऑथेंटिक जमेल.”

संध्याकाळी रोल्लाच्या बाजारात गेले. अब्बांचं तिथे घड्याळदुरुस्तीचं दुकान. फोटो दाखवला. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

“हीच जागा,” म्हणाले. “छावणीसाठी सगळी वस्ती उठवली. माड तोडून बराकी बांधल्या. कब्रस्तान तारेच्या आत गेलं. माझी दादी नवऱ्याच्या कबरीवर फातेहा पढायला तारेपाशी उभी राहिली, तर पहाऱ्यावरच्या सोल्जरने तिच्यावर उष्टा, कढत चहा फेकला. भाजली होती ती. इंग्रज गेले, तार राहिली. आता आपल्या सरकारची.”

मी उठले. त्यांनी हात धरला. “सोड, बेटा. आपण इथे व्हिजावर आहोत.”

सोड. आमच्या घरात हेच ऐकत मोठी झाले. जमीन सोड, गाव सोड, बोलणं सोड. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

दोन दिवसांनी क्लायंट आली. इमिराती बाई, कमी बोलणारी. बॉसने फोटो लावला आणि मला म्हणाला, “यल्ला, चल, वॉलबद्दल सांग.”

मी सांगितलं. “मॅडम, ह्या मुसलमानांच्या कबरी आहेत. यातली एक माझ्या पणजोबांची. ह्या सोल्जरनी आमचं गाव हिसकावलं. तुमचे गेस्ट ह्यांच्याखाली बसून जेवणार.”

“शी इज इमोशनल,” बॉस घाईने म्हणाला.

बाईने त्याला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“मी सांगितलं होतं,” मी म्हणाले. “सर हसले.”

बाई उठली. “खलास.” एवढंच. निघून गेली.

बॉसचं तोंड पांढरं पडलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. न्याय वगैरे काही वाटलं नाही मला. मजा वाटली. पोटभर.

त्याच संध्याकाळी नोकरी गेली. अब्बा रागावतील वाटलं. त्यांनी विचारलं, “तोंड कसं झालं त्याचं?” मी सांगितलं. “परत सांग,” म्हणाले.

मग बॉसचा मेसेज आला. क्लायंटची माफी माग, परत घेतो. मी लिहिलं, “आजोबाचा अख्खा अल्बम पाठव. त्यातलं प्रत्येक घर कुणाचं होतं, ते मी जगाला सांगणार आहे.” नाही पाठवला तरी चालेल. एक फोटो माझ्याकडे आहे. त्याच्या आजोबाच्या नावासकट लावीन, जिथे जिथे तो आजोबाला मिरवेल तिथे.

पुढच्या आठवड्यात अब्बांना घेऊन गावी जातेय. फाटकावरचा गार्ड आता आपल्याच देशाचा असेल. त्याच्यासमोर तारेच्या आत जाईन, फातेहा पढेन. अडवलं तर अटक करून घेईन. मग कोर्ट. जमीन परत मिळाली तरी माफ करणार नाही मी. ना इंग्रजांना, ना ज्यांनी तार तशीच ठेवली त्यांना.