पाठ केलेली इंग्रजी

माझी मोठी बहीण अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. आम्ही तिला बाई म्हणायचो. अकोल्याच्या आमच्या वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. लेखी पेपर तिने कसेबसे काढले होते. आता तोंडी परीक्षा राहिली होती, आणि ती इंग्रजीत होती. नापास झाली तर होस्टेल सुटणार, आणि पुढे कापसाच्या जिनिंग कारखान्यात मायच्या शेजारी उभं राहायचं.

बाईला इंग्रजी भेटली ती थेट आठवीत. शिकवणारे मास्तर बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही.

म्हणून परीक्षेआधी घरी आली तेव्हा तिने वस्तीला ठाऊक होता तोच मार्ग धरला. दीक्षा घेतल्यापासून त्रिशरण-पंचशील आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ होतं. पाली कोणालाच येत नव्हती. एकाने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. अक्षरओळख नसलेल्या मायचाही एक शब्द चुकायचा नाही. बाईने इंग्रजी उत्तरं तशीच बसवली. ताप, जखम, जुलाब, भाजणं, एकामागून एक, वंदनेच्याच चालीत. ती पुढे म्हणायची, विहारातल्या पोरी मागून.

मी तेव्हा मराठीच्या बाजूची पत्रकं वाटत फिरायचो. राज्य मराठीचं झालं, कारभारही मराठीत झाला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याची सभा झाली. मातृभाषेवर तो भरपूर बोलला. मी उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, तुमची पोरं कोणत्या शाळेत जातात?" नागपूरच्या कॉन्व्हेंटात, हे सगळ्या मंडपाला माहीत होतं. दोघांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी बाई हसत होती. "भेटलं का उत्तर?"

"बाई, इंग्रजी मंजे त्याईनं दाराले लावलेलं कुलूप हाय. नोकऱ्या आत, आपून बाहेर."

"असन. पन मले आत जायाचं हाय. तू बाहेर पत्रकं वाट, लेका. आन आता गप बस, तुया भाषणानं माये जुलाब इसरून जाईन मी."

माय इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली.

परीक्षेला मी तिच्यासोबत गेलो. खोलीचं दार उघडं होतं, मी व्हरांड्यात उभा होतो. परीक्षक डॉक्टर जवळच्याच चांदूर रेल्वेकडचे. त्यांनी इंग्रजीत विचारलं, भाजलेला रोगी आला तर आधी काय करशील? प्रश्न तिला कळला. उत्तरही येत होतं. पण ते चौथं होतं, आणि वंदना कोणी मधूनच सुरू करत नाही. तिने डोळे मिटले आणि तापापासून सुरुवात केली, भरभर, त्याच चालीत.

डॉक्टरांनी हात वर केला. प्रश्न पुन्हा विचारला. तिने पुन्हा तापच धरला.

"सर, आधी तापाचं होऊ द्या ना. भाजल्याचं येतेच मांगून," ती शेवटी म्हणाली. "नाहीतर मराठीत सांगू का? सगळं येते मले."

"तुले येते हे मले मालूम हाय, पोरी. वार्डात पायलं ना मी तुयं काम." डॉक्टर अगदी आमच्यासारखं बोलले. "पन मराठीतल्या उत्तराले मार्क देता येत नाही. नियमच तसा हाय."

मराठी राज्यातला दवाखाना, खाटांवर मराठी माणसं, आणि दोन वऱ्हाडी माणसं वऱ्हाडीत बोलून ठरवत होती की यातल्या एकीला काम येत नाही. मला आत घुसून ओरडायचं होतं. मी व्हरांड्यातच उभा राहिलो.

बाई नापास झाली. मेट्रनने तिला त्याच वॉर्डात आयाचं काम देऊ केलं, राहायच्या जागेसकट.

"नको करू," मी म्हणालो. "अर्ज करू, मोर्चा काढू."

"काढ ना. पन होस्टेल उद्या सुटते. मोर्चा निघेपर्यंत मी निजू कुठं, तुया पत्रकावर?"

तिने काम धरलं.

महिन्याभराने तिला भेटायला गेलो तेव्हा ती फरशी पुसत होती. भाजलेला एक म्हातारा खाटेवरून हाका मारत होता, "नर्सबाई, ओ नर्सबाई, पानी द्या वं."

"मी नोहो, बुवा. थांबा, त्या येतीन," बाई म्हणाली.

त्याला पाणी द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे तिला माहीत होतं. आता ते ठरवणं तिचं काम नव्हतं. म्हातारा हाका मारत राहिला. ती फडकं पिळत दाराकडे बघत राहिली.