टॉवेलवरचा आळ

माणसाच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ वाईट टॉवेलात असतं, असं मानणारे एकच गृहस्थ सोलापुरात आहेत आणि ते माझे सख्खे मामा आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं जॉबर म्हणून टॉवेलचे माग दुरुस्त केले. आता घरी बसले, पण कुणाकडेही गेले की आधी दांडीवरचा टॉवेल चिमटीत धरून बघतात आणि यजमानांना त्यांची लायकी कळवतात. लग्नाला जाताना आहेर विसरतील, स्वतःचा टॉवेल विसरणार नाहीत. माझ्याच लग्नात सासऱ्यांनी हात पुसायला दिलेला टॉवेल त्यांनी भर मांडवात उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "हे गाळणं हाय. च्या गाळा यातनं." सासरे अजून माझ्यासमोर हात रुमालाला पुसतात.

मामांच्या घरात टॉवेल फक्त त्यांच्या कारखान्याचा. तिथं आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, पन्नाशीला आलेला जॉबर आहे. मामांना मूलबाळ नाही. या शिष्याला त्यांनी काम शिकवलं, त्याचं लग्न जमवलं, आणि दर रविवारी तो जेवायला आला नाही तर मामांना घास उतरत नसे.

गेल्या उन्हाळ्यात मामांना खाज सुटली. कुठं, ते त्यांनी मामीलाही सांगितलं नाही. निदान मात्र ताबडतोब झालं. आठवडाभर घरातले टॉवेल उकळून झाले, तरी गुण येईना. मग एक टॉवेल काखोटीला मारून मामा कारखान्यात गेले आणि सगळ्यांसमोर शिष्याला म्हणाले, "कच्च्या रंगाचं सूत चालवताय तुमी. खाज सुटलीय मला."

"कुटं सुटलीय वस्ताद? दावा की," शिष्य म्हणाला.

आता वस्ताद काय दाखवणार? त्यांनी बाही वर केली. तिथं काहीच नव्हतं, म्हणून आणखी चिडले आणि "तुला शिकवलं, तितंच चुकलं माजं" असं बोलून बाहेर पडले. त्या रविवारी शिष्य आला नाही. पुढच्याही नाही.

माझं औषधांचं दुकान आहे. एका दुपारी गिऱ्हाईक नाही असं बघून मामा आले. "केम गावच्या एका पाव्हण्याला खाज हाय. मलम दे." कुठं लावायचंय, असं विचारल्यावर ते रस्त्यावरच्या रिक्षा बघू लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना मधुमेहाची नवी गोळी सुरू झाली होती आणि ती मीच देत होतो.

"मामा, ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते," मी हळू आवाजात म्हणालो. "तिथं साखर आणि ओल राहिली की बुरशी धरते. पुष्कळांना होतं. पाव्हण्याला म्हणावं, डॉक्टरांना दाखवा, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका."

मामा रिक्षांवरची नजर काढून माझ्याकडे वळले. "म्हंजी टॉवेल चांगला हाय?"

"चांगलाय."

"मग लई वाईट झालं की रे."

डॉक्टरांच्या मलमानं आठवड्यात खाज गेली. पण शिष्याची माफी मागायची, तर खाज कुठं होती ते सांगणं आलं. तीन दिवस घरात येरझाऱ्या घालून चौथ्या दिवशी मामा मला घेऊन कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात तिथं शेजारच्याचंही ऐकू येत नाही, सगळे खुणांनीच बोलतात. मामांनी शिष्याच्या कानात ओरडून पाहिलं. मग नाइलाजानं त्यांनी गोळी, लघवी आणि खाज हा सगळा वृत्तान्त हातवाऱ्यांनी सांगितला, इतका स्पष्ट की मला पळून जावंसं वाटलं. शेवटी स्वतःचे कान धरले. कामगार पोट धरून हसले. शिष्य हसला नाही. मामांना हाताला धरून तो बाहेर घेऊन आला.

"वस्ताद, मला बी तीच गोळी हाय. तसंच झालंतं. कुणाला सांगावं? चार महिनं झालं, बंदच केलीय."

मामांनी त्याला तसंच उचलून डॉक्टरांकडे नेलं. साखर भलतीच वाढली होती आणि पायाला एक जखम होती. ती भरायला दिवाळी उजाडली. तोवर मामा रोज त्याच्या घरी जाऊन पट्टी बदलत होते आणि पट्टीच्या कापडाला नावं ठेवत होते.

शिष्य ती गोळी माझ्याच दुकानातून न्यायचा. यायचा बंद झाला तेव्हा मला वाटलं, दुसरं दुकान धरलं असेल. मामांना जे भर कारखान्यात हातवारे करून सांगावं लागलं, ते मी पाकीट हातात देताना दोन वाक्यांत सांगू शकलो असतो, त्यांना आणि त्यालाही. मला ते ठाऊक होतं. मीसुद्धा लाजलोच होतो.