आधी विचार, मग उचल

मुकुंददादाला उचललेलं आवडायचं नाही.
आज सकाळी आम्ही चौघांनी त्याला उचललं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दादा छावणी भागात राहायचा. बँकेतून रिटायर. तरुणपणीच्या अपघातानंतर व्हीलचेअरवर. आणि माझा पहिला नाराज कस्टमर.

तेव्हा उस्मानपुऱ्यात माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस नवीन होतं. दादाला वेरूळला नेलं. गाडी थांबली तसा मी उतरलो, काखेत हात घातले आणि कन्नडला शेतात पोतं उचलायचो तसं त्याला उचलून खुर्चीत ठेवलं. वर शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

"मी उचल म्हणालो होतो का?"
"मदत केली ना साहेब."
"आधी विचार, मग उचल. मी सामान नाही."

लई राग आला होता. घरी येऊन बायकोला म्हणालो, भलं करायला गेलो आणि वर बोलणी खाल्ली.

आठवड्याने तोच माणूस ऑफिसच्या बाहेरून हाका मारत होता. बाहेरून, कारण माझ्याच ऑफिसला दोन पायऱ्या होत्या. मला त्या दिवसापर्यंत दिसल्याच नव्हत्या.

मग अहो-जाहो कधी सुटलं कळलं नाही.

हॉटेलला फोन कसा करायचा ते त्याने शिकवलं. "व्हीलचेअर चालेल का विचारू नको. सगळे हो म्हणतात. बाथरूमचं दार किती इंच आहे ते विचार."
विचारलं की पलीकडून, "ते कधी मोजलं नाही साहेब."
मग आम्ही दोघं टेप घेऊन जायचो.

गुडघे गेलेल्या आज्या, डोळ्यांनी अजिबात दिसत नसलेली एक कॉलेजची मुलगी, कितीतरी लोक त्याच्या टेपमुळे माझ्या गाडीतून हिंडून आले.

वेरूळ रोडवरच्या एका हॉटेलमालकाच्या मागे दादा दीड वर्ष लागला होता. शेवटी रॅम्प झाला. मालकाने सत्यनारायण घातला, आम्हाला मानाने बोलावलं.

गेलो. रॅम्पवर चपलांचा ढीग!

पायऱ्यांवर गर्दी नको म्हणून कुणीतरी सगळ्या पाहुण्यांना चपला रॅम्पवर काढायला लावल्या होत्या.

मालक पूजेतून उठून धावत आला. "अरे, व्हा पुढं चौघंजण! साहेबांना उचलून घ्या. दोन मिनिटांचं काम हाय."

दादाने हात वर केला. "मला नको. चपला उचला."

मालक सोवळ्यात. चपलेला हात लावायची पंचाईत. शेवटी मी आणि आमचा ड्रायव्हर सलीमभाई बसलो उचलत. सलीमभाई म्हणाला, "मियाँ, मस्जिद के बाहर भी इत्ते नई रहते."

दादा खालून वर एकटा आला. मध्ये दम लागला, थांबला. हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

प्रसादाचा द्रोण मांडीवर घेऊन म्हणाला, "अपघातानंतर पहिल्यांदा हॉटेलात स्वतः आलो रे."
डोळे पुसत होता. मीही.

ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात तिथं कस्टमरची एक पार्टी घेऊन गेलो तर रॅम्पला साखळी आणि कुलूप. लोक बाईक चढवतात म्हणे. चावी वॉचमनकडे, वॉचमन सुट्टीवर. पार्टीतल्या व्हीलचेअरवरच्या काकूंना शेवटी चौघांनी उचललं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मालकाला तीनदा फोन केला. "बघतो ना." "काढतो ना." "व्हय व्हय, आजच."
चौथ्यांदा नाही केला. कंटाळलो. खरं सांगतो, तीच तीच गोष्ट सांगून जीव शिणतो. दादा इतकी वर्षं कसा सांगत राहिला?

परवा हॉस्पिटलमध्ये त्याने विचारलं, "साखळी निघाली का?"
मी म्हणालो, "निघाली."
"शाब्बास," म्हणाला. त्या पहिल्या दिवशी न मिळालेली शाबासकी अशी मिळाली.

आज सगळे खांदा द्यायला वाकले. मी म्हणालो, थांबा. त्याच्या कानाशी गेलो आणि विचारलं, "दादा, उचलू का?"
कुणी हसलं नाही. वहिनी म्हणाल्या, "उचला."
मग उचललं.

दादा, साखळी अजून तिथंच आहे. तुझ्याशी खोटं बोललो, माफ कर.
उद्या सकाळी जातोय तिथं. कुलूप निघेपर्यंत दारातून हलत नाही.

नीट जा.